ओळख नव्या शेजाऱ्याची : समाजमाध्यमे सांभाळणारा व्यावसायिक

गावात वैद्य कोण, वकील कोण, गवंडी कोण आणि सुतार कोण हे आपल्याला विचारावे लागत नाही. त्यांची घरे, त्यांचे हात आणि त्यांचे हिशेब आपल्या परिचयाचे असतात. गेल्या पंधरा-वीस वर्षांत मात्र आपल्या वस्तीत एका नव्या व्यावसायिकाची भर पडली आहे. त्याच्या दारावर पाटी नसते, त्याचे दुकान नसते आणि त्याच्या कामाची वेळही ठरलेली नसते. दिवसाचा बराचसा वेळ तो भ्रमणध्वनीच्या पडद्याकडे पाहत असतो. तो नेमके काय करतो, हे घरच्यांनाही सांगता येत नाही. ‘मोबाइलवर काहीतरी करतो, पण महिन्याला पैसे आणतो’ एवढेच उत्तर आपल्या कानी पडते. हा व्यावसायिक म्हणजे समाजमाध्यमे सांभाळणारा तरुण किंवा तरुणी होय.

अशी ओळख अपुरी राहणे योग्य नाही, असे आम्हांला वाटते. आज एखादा बागायतदार, एखादी पतपेढी, एखादी शाळा किंवा एखादे मंडळ आपले म्हणणे लोकांपर्यंत पोहोचवण्याचे काम ज्या व्यक्तीवर सोपवते, तिच्या हाती केवळ छायाचित्रे नव्हे, तर संस्थेचे नावच सोपवलेले असते. नाव मिळवायला आयुष्य लागते आणि घालवायला एक संध्याकाळ पुरते. म्हणून, वाचकहो, या नव्या शेजाऱ्याची ओळख आपण नीट करून घेऊ या.

काम जुने, साधन नवे

चार लोकांना खबर देणे हे काम काही नवे नव्हे. पूर्वी गावात दवंडी पिटली जाई. नंतर भिंती रंगवणारे रंगारी आले, छापील पत्रके वाटणारी मुले आली, रिक्षावर कर्णा बांधून नाटकाची वा सर्कशीची जाहिरात करणारे आले आणि अलीकडे चौकाचौकांत शुभेच्छांचे फलक आले. ‘बोलणाऱ्याची अंबाडी विकली जाते, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात’ अशा अर्थाची म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केलेली नाही. माल चांगला असणे आणि तो चांगला आहे हे लोकांना कळणे, या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

साधन बदलले ते मात्र फार झपाट्याने. २००४ साली ऑर्कुट आणि फेसबुक सुरू झाले. २००५मध्ये यूट्यूब, २००६मध्ये ट्विटर, २००९मध्ये व्हॉट्सअ‍ॅप आणि २०१०मध्ये इन्स्टाग्राम आले. त्यांपैकी ऑर्कुट २०१४मध्ये बंद पडले. ट्विटरचे नाव २०२३पासून एक्स झाले. आणि २०२०च्या जून महिन्यात भारत सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. सप्टेंबर २०१६मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि इंटरनेटचे दर एकदम खाली आले. तोवर शहरी तरुणांपुरते असलेले हे विश्व भाजीवाल्या मावशींच्या आणि मच्छीमार बांधवांच्या हाती पोहोचले.

मराठीच्या दृष्टीने आणखी एक बदल महत्त्वाचा ठरला. पूर्वी संगणकावर मराठी लिहायचे तर ज्याचा त्याचा निराळा टंक असे. एकाने लिहिलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की अक्षरांऐवजी नुसत्या खुणा दिसत. युनिकोड या समान पद्धतीचा प्रसार झाल्यावर ही अडचण दूर झाली. आज मराठीतच नव्हे, तर सामवेदी, वाडवळी, आगरी, कोळी, मालवणी अशा बोलींतही लोक मनमोकळेपणाने लिहितात आणि बोलतात. स्थानिक व्यावसायिकाचे खरे बळ येथेच आहे. मुंबईच्या मोठ्या जाहिरात संस्थेला जी बोली ठाऊक नसते, ती त्याच्या घरात बोलली जाते.

दोन निराळे प्रकार

समाजमाध्यमांवर उपजीविका करणाऱ्यांचे दोन ठळक प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. पहिला प्रकार स्वतःचा चेहरा, आवाज आणि कला घेऊन लोकांसमोर येणाऱ्यांचा. कोणी पाककृती दाखवतो, कोणी किल्ल्यांची माहिती देतो, कोणी विनोद करतो. त्यांचा चाहतावर्ग वाढला की कंपन्या त्यांना आपल्या मालाची शिफारस करण्यासाठी पैसे देतात. इंग्रजीतून आलेला ‘इन्फ्लुएन्सर’ हा शब्द त्यांच्यासाठी रूढ झाला आहे.

दुसरा प्रकार पडद्यामागे राहून इतरांची खाती सांभाळणाऱ्यांचा. नाव दुकानाचे किंवा संस्थेचे, शब्द मात्र यांचे. उत्तम उदाहरण द्यायचे तर मुंबई पोलिसांचे. डिसेंबर २०१५मध्ये त्यांनी ट्विटरवर खाते उघडले. वाहतुकीचे नियम, शिरस्त्राणाची सक्ती, बँकेच्या नावाने येणारे फसवे दूरध्वनी असे रुक्ष विषय त्यांनी इतक्या मिश्कील भाषेत मांडले, की लोक पोलिसांचा संदेश आवडीने वाचू लागले. अशा लेखनामागे कोणाची तरी रोजची मेहनत असते. वाचणाऱ्याला ती दिसत नाही, आणि दिसू नये हेच तिचे यश. या लेखात आम्हांला प्रामुख्याने या दुसऱ्या प्रकाराविषयी सांगायचे आहे.

दिवसभर तो करतो तरी काय?

कल्पना करा, आगाशीच्या परिसरातील एक कुटुंब राजेळी केळ्यांपासून सुकेळी बनवते. केळी पिकवणे, सोलणे, उन्हात वाळवणे आणि पानांत बांधणे हे त्यांचे पिढीजात कौशल्य. परंतु ही सुकेळी वसईबाहेर फारशी कोणाला माहीत नाहीत. ते कुटुंब गावातील एका तरुणीला हे काम देते. आता ती काय करील?

प्रथम ती ऐकून घेईल. माल वर्षातून कोणत्या महिन्यांत तयार होतो, किती तयार होतो, किती दिवस टिकतो, घरपोच पाठवण्याची सोय आहे काय आणि आजवरचे गिऱ्हाईक कोण, हे प्रश्न ती विचारील. या प्रश्नांची उत्तरे न घेताच छायाचित्रे काढायला धावणारा माणूस या व्यवसायात कच्चा समजावा. वर्षाला दोनशे किलोच माल निघत असेल, तर लाखो लोकांपर्यंत पोहोचून उपयोग कोणता? नकार ऐकून परत जाणारे गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

त्यानंतर ती महिन्याचा आराखडा आखील. कोणत्या दिवशी काय दाखवायचे, सण कोणते, सुट्ट्या कोणत्या, याची ती नोंद ठेवील. मग छायाचित्रण. भ्रमणध्वनी उभा धरून पाहिला जातो, म्हणून चित्रफीतही उभीच काढावी लागते. अनेक लोक आगगाडीत आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून बोललेले शब्द पडद्यावर लिहावेही लागतात. पहिल्या दोन-तीन सेकंदांत पाहणाऱ्याचे बोट थांबले नाही, तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. उन्हात पसरलेल्या केळ्यांवरून फिरणारा आजीचा हात पहिल्याच क्षणी दाखवावा की शेवटी, यावर ती तासभर विचार करील. बाहेरून पाहणाऱ्याला तो वेळ रिकामपणाचा वाटतो.

एवढ्यावर काम संपत नाही. खरे काम मजकूर प्रसिद्ध झाल्यानंतर सुरू होते. ‘भाव काय?’, ‘पुण्याला पाठवता काय?’, ‘साखर घालता काय?’ असे प्रश्न येतात आणि त्यांना वेळेवर, सभ्य व खरी उत्तरे द्यावी लागतात. कोणी तक्रार करतो, कोणी विनाकारण टोचून बोलतो. तक्रार पुसून टाकण्याचा मोह होतो. परंतु जाणकार व्यावसायिक ती पुसत नाही. तो मालकाशी बोलतो, चूक असेल तर ती मान्य करायला लावतो आणि सर्वांसमक्ष उत्तर देतो. महिन्याअखेर काय केले, किती खर्च झाला आणि हाती काय लागले, याचा अहवाल तो देतो.

कोणाला काय दिसावे, हे कोण ठरवते?

अनेकांची समजूत असते, की आपल्या पानाला पाच हजार लोक जोडलेले असले, म्हणजे आपण लिहिलेले पाच हजार लोकांना दिसते. वस्तुस्थिती तशी नाही. प्रत्येक माणसाला दाखवण्याजोगा मजकूर अफाट असतो आणि पडदा तर हातभराचाही नसतो. म्हणून फेसबुक व इन्स्टाग्रामसारखी माध्यमे गणिती सूत्रांच्या आधारे निवड करतात. आपण कोणत्या चित्रफितीपाशी किती वेळ थांबलो, कशाला पसंती दिली, कोणाला उत्तर लिहिले, काय पुढे पाठवले, या सर्वांची नोंद होते आणि त्यावरून पुढे काय दाखवायचे ते ठरते. ही निवड सत्यासत्याची नसून आपण किती वेळ खिळून राहू याची असते. राग, भीती आणि अचंबा या भावना माणसाला सर्वांत लवकर थांबवतात. म्हणूनच भडक मजकूर भराभर पसरतो, आणि शांतपणे सांगितलेली गोष्ट मागे राहते.

पैसे भरून केलेल्या जाहिरातीचा मार्ग निराळा. जाहिरातदार रक्कम ठरवतो, आपला परिसर ठरवतो, वयोगट आणि आवडीनिवडी सांगतो. ‘वसई स्थानकापासून पंधरा किलोमीटरच्या आत राहणारे लोक’ असेही सांगता येते. मग पडद्यावरील प्रत्येक मोकळ्या जागेसाठी क्षणार्धात लिलाव होतो. येथे ज्याने अधिक बोली लावली त्यालाच जागा मिळते असे नाही. पाहणारा प्रतिसाद देण्याची शक्यता किती आणि जाहिरातीचा दर्जा कसा, हेही जमेस धरले जाते. त्यामुळे थोड्या पैशांत उत्तम जाहिरात करणारा छोटा दुकानदार मोठ्या पेढीपुढे टिकू शकतो. लहान व्यावसायिकांना या माध्यमांचे आकर्षण वाटते ते याच कारणाने.

आकड्यांची भाषा

या व्यवसायात आकडे फार असतात आणि आकड्यांनी माणूस फार लवकर दिपतो. म्हणून दोन-तीन संज्ञा समजून घेऊ या. ‘रीच’ म्हणजे मजकूर किती निरनिराळ्या खात्यांपर्यंत पोहोचला ती संख्या. ‘इम्प्रेशन’ म्हणजे तो एकूण किती वेळा दाखवला गेला ती संख्या. एकाच माणसाला तो तीन वेळा दिसला, तर रीच एक आणि इम्प्रेशन तीन. ‘एंगेजमेंट’ म्हणजे पाहणाऱ्यांनी दिलेला प्रतिसाद. हजार जणांनी पाहिले आणि पन्नास जणांनी काही ना काही प्रतिसाद दिला, तर तो पाच टक्के झाला.

आता आपल्या सुकेळीवाल्या कुटुंबाचा काल्पनिक हिशेब मांडू. दोन हजार रुपयांची जाहिरात केली. ती वीस हजार लोकांपर्यंत पोहोचली. आठशे जणांनी पसंतीची खूण केली, चाळीस जणांनी चौकशी केली आणि दहा जणांनी माल मागवला. घरात आनंदीआनंद झाला, कारण आठशे लोकांना माल आवडला! परंतु दहा मागण्यांसाठी दोन हजार रुपये गेले, म्हणजे प्रत्येक मागणीमागे दोनशे रुपये पडले. एका मागणीमागे नफा दीडशे रुपयांचा असेल, तर कुटुंबाने प्रत्येक गिऱ्हाइकामागे पन्नास रुपये पदरचे घातले. मात्र त्याच दहांपैकी सहा जणांनी पुढे आणखी दोन-दोन वेळा माल मागवला, तर एकूण मागण्या बावीस होतात, नफा तीन हजार तीनशे रुपयांवर जातो आणि तीच जाहिरात फायद्याची ठरते. प्रामाणिक व्यावसायिक आपल्याला हा हिशेब मांडून दाखवतो. दिखाऊ व्यावसायिक आठशेच्या आकड्यावरच थांबतो.

विकत घेतलेल्या चाहत्यांविषयीही सावध राहावे. काहीशे रुपयांत हजारो चाहते जोडून देण्याचे आमिष दाखवले जाते. ही खाती बहुधा बनावट असतात. ती काही विकत घेत नाहीत आणि प्रतिसादही देत नाहीत. परिणामी, हा मजकूर लोकांना रुचत नाही असा निष्कर्ष गणिती सूत्र काढते आणि तो खऱ्या लोकांनाही कमी दाखवते. म्हणजे पैसेही गेले आणि पोहोचही गेली.

एका शब्दाची किंमत

येथवर आम्ही व्यापाराविषयी बोललो. पण समाजमाध्यमांवरील शब्द केवळ माल विकत नाही. तो माणसाला तुरुंगात धाडू शकतो आणि त्याचा जीवही घेऊ शकतो. याची साक्ष आपल्याच परिसराने दिली आहे.

नोव्हेंबर २०१२मध्ये श्री. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईत सारे व्यवहार बंद राहिले. त्यावर प्रश्न उपस्थित करणारा मजकूर पालघरमधील एका तरुणीने फेसबुकवर लिहिला आणि दुसरीने त्याला पसंती दर्शवली. दोघींनाही अटक झाली. पसंतीची एक खूण अटकेला कारणीभूत ठरावी, याने देश हादरला. श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६६अ हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. नागरिकाच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या इतिहासात पालघरचे नाव असे नोंदले गेले.

दुसरी बाजू अधिक भयंकर आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. त्या काळात मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा भ्रमणध्वनीवरून गावोगाव फिरत होत्या. १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या दिवसांत, आपल्या पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक अशा तिघांची जमावाने हत्या केली. तेथेही चोरांच्या व मुले पळवणाऱ्यांच्या अफवांनी आधीच भीती पसरवली होती. २०१८मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली, आणि २०२०मध्ये वारंवार पुढे पाठवल्या गेलेल्या संदेशांसाठी ती एकाच ठिकाणापुरती आणली. तंत्राने बांध घातला खरा. परंतु ‘हे खरे आहे काय?’ हा प्रश्न विचारण्याचे काम कोणतेही यंत्र आपल्यासाठी करणार नाही.

स्थानिक व्यावसायिकाचे महत्त्व अशा वेळी कळते. गावच्या पानाला हजारो लोक जोडलेले असतात. रात्री अकरा वाजता एखादी चित्रफीत येते आणि ‘लगेच टाका’ असा आग्रह होतो. ती कुठली, कधीची, कोणी काढलेली, याची चौकशी करून जो ती थांबवतो, त्याचे नाव कोणाला कळत नाही आणि त्याला कोणी धन्यवादही देत नाही. २०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत करोनाची दुसरी लाट असताना प्राणवायू आणि खाटांसाठी समाजमाध्यमांवरून मदतीच्या हाका येत होत्या. जे क्रमांक कोणीतरी स्वतः फिरवून पडताळले होते तेच उपयोगी पडले. बाकीच्यांनी आप्तांचा वेळ घेतला. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने न बोललेले शब्द कोणाच्याही तोंडी घालता येतात. अशा काळात पडताळणी हेच या व्यवसायाचे पहिले शील मानावे लागेल.

कायदा काय सांगतो?

समाजमाध्यमांवर सारे काही चालते, हा समज चुकीचा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि तो मालाची शिफारस करणाऱ्यालाही लागू आहे. जानेवारी २०२३मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने मार्गदर्शक सूचना काढल्या. पैसे, फुकट वस्तू किंवा अन्य लाभ घेऊन एखाद्या मालाची शिफारस केली असेल, तर ती जाहिरात आहे हे स्पष्ट, ठळक आणि त्याच भाषेत सांगितले पाहिजे, असे त्या बजावतात. मराठीत शिफारस करायची आणि ‘जाहिरात’ हा शब्द इंग्रजीत कोपऱ्यात लपवायचा, हे नियमाला धरून नाही.

२०२३च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला बालक मानले असून, तिची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याचे तत्त्व घालून दिले आहे. शाळा, क्रीडामंडळे आणि धर्मग्रामे यांनी याचा विशेष विचार करावा. स्नेहसंमेलनातील नाचणाऱ्या मुलीचे छायाचित्र तिच्या नावासह, इयत्तेसह आणि शाळेच्या पत्त्यासह जगजाहीर करणे हे कौतुक खरे, पण ते कोणाच्या डोळ्यांसमोर जाईल हे आपल्या हाती उरत नाही.

संगीताचेही तसेच. खासगी खात्यावर चित्रपटगीत जोडता येते म्हणून ते दुकानाच्या जाहिरातीत वापरता येते असे नाही. व्यावसायिक वापरासाठी परवानगी लागते. छायाचित्राबाबत मात्र कायदा मालकाच्या बाजूचा आहे. १९५७च्या स्वामित्व हक्क कायद्यानुसार, मोबदला देऊन आपल्या सांगण्यावरून काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क, निराळा करार नसल्यास, पैसे देणाऱ्याचा असतो. हे आधीच लिहून ठेवल्यास पुढचा वाद टळतो.

काम सोपवण्यापूर्वी

घर बांधताना आपण किल्ली गवंड्याच्या नावावर करत नाही. तथापि, समाजमाध्यमांच्या बाबतीत नेमके तेच घडते. पान उघडून देणारा तरुण स्वतःच्या ई-मेलवर आणि स्वतःच्या क्रमांकावर ते उघडतो. वर्षभराने तो नोकरीसाठी परगावी जातो किंवा पैशांवरून बिनसते, आणि दहा वर्षांच्या दुकानाचे पान मालकाला परके होते. यात नेहमी लबाडीच असते असे नाही. बहुधा आधी कोणी विचार केलेला नसतो. म्हणून पुढील गोष्टी आरंभीच ठरवाव्यात, असे आम्ही सुचवतो.

खाते संस्थेच्या ई-मेलवर आणि संस्थेच्या क्रमांकावरच उघडावे. परवलीचा शब्द कोणाला देऊ नये. फेसबुकच्या पानावर दुसऱ्या व्यक्तीला काम करण्यापुरता निराळा अधिकार देण्याची सोय आहे, ती वापरावी. खाते उघडताना भ्रमणध्वनीवर सांकेतिक अंक येण्याची दुहेरी सुरक्षा सुरू ठेवावी. व्यावसायिकाचे मानधन आणि जाहिरातीचा खर्च यांचे हिशेब वेगळे ठेवावेत. जाहिरातीचे पैसे शक्यतो स्वतःच थेट भरावेत, म्हणजे पावती आपल्या हाती राहते. महिन्याला किती मजकूर, किती चित्रफिती, उत्तरे किती वेळात, कोणत्या विषयांवर विचारल्याशिवाय लिहायचे नाही, आणि काम थांबवायचे झाल्यास किती दिवस आधी कळवायचे, हे एका कागदावर लिहून दोघांनी सही करावी.

एवढे करूनही खाते चोरीस गेले किंवा पैशांची फसवणूक झाली, तर विलंब न करता १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर कळवावे. पैसे गेल्यानंतरचे पहिले काही तास फार मोलाचे असतात.

त्याचबरोबर आपलेही कर्तव्य विसरू नये. ‘दोन फोटो तर टाकायचे आहेत, त्याचे कसले पैसे?’ हा प्रश्न या तरुणांना आपल्याच माणसांकडून वारंवार ऐकावा लागतो. फलक रंगवणाऱ्याला आणि पत्रिका छापणाऱ्याला आपण पैसे देतो. मग या श्रमांचे मोल का नाकारावे? मध्यरात्री संदेश पाठवून तत्काळ उत्तराची अपेक्षा करणेही योग्य नव्हे. सतत पडद्यासमोर राहून अनोळखी लोकांचा राग दुसऱ्यांच्या वतीने झेलणारे हे मन थकते, याची जाणीव काम देणाऱ्याने ठेवली पाहिजे.

पालकांना आणि तरुणांना

‘माझी मुलगी हे काम करू म्हणते, यात भवितव्य आहे काय?’ असे पालक विचारतात. या व्यवसायासाठी एकच एक पदवी नाही. मुंबई विद्यापीठाचा जनसंज्ञापनाचा पदवी अभ्यासक्रम उपयोगी पडतो. मेटा आणि गूगल या कंपन्यांचे ऑनलाइन पाठ विनामूल्य मिळतात. परंतु पायाभूत गुण जुनेच आहेत : स्वच्छ भाषा, डोळस निरीक्षण, हिशेबाची सवय आणि दिलेला शब्द पाळण्याची वृत्ती. घरी राहून, लहान मुले सांभाळून हे काम करता येत असल्याने अनेक महिलांना त्याने उत्पन्नाचा मार्ग दाखवला आहे.

धोकेही सांगितले पाहिजेत. हा सगळा डोलारा परक्या जमिनीवर उभा आहे. कंपनीने नियम बदलले किंवा सरकारने बंदी घातली, तर एका रात्रीत चित्र पालटते. टिकटॉकवर नाव कमावलेल्यांनी २०२०मध्ये हा अनुभव घेतला. म्हणून एकाच माध्यमावर विसंबू नये, गिऱ्हाइकांशी थेट संपर्क ठेवावा आणि लेखन, छायाचित्रण, भाषांतर यांपैकी एखादे कौशल्य पक्के करावे. माध्यम जाते, कौशल्य राहते.

शेवटी एक गोष्ट आम्ही आग्रहाने मांडू इच्छितो. मोठ्या शहरातील जाहिरात संस्था चुकली, तर ती दुसरे गिऱ्हाईक शोधते. गावातील व्यावसायिक चुकला, तर दुसऱ्या दिवशी बाजारात त्याला त्याच माणसांना तोंड दाखवायचे असते. ही त्याची अडचण नव्हे, त्याचे मोठे भांडवल आहे. ज्याला आपण विहिरीवर, बसथांब्यावर आणि लग्नमंडपात भेटतो, त्याने लिहिलेल्या शब्दावर आपण विश्वास ठेवतो. तो विश्वास त्याने जपावा, आणि त्याच्या श्रमांचा मान आपण जपावा. पुढच्या वेळी तो तरुण पडद्यात डोके खुपसून बसलेला दिसला, तर ‘काय रे, सारखा मोबाइल?’ असे विचारण्याऐवजी ‘आज कोणाचे काम चालले आहे?’ असे विचारून पाहावे. ओळखीची सुरुवात तेथूनच होईल.